बिडाचे ओझे उतरवताना : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या शेडमध्ये ऑइल इंजिनांची ओतकामे होत असतानाच पुण्याच्या एका निवृत्त अभियंत्यांनी माझदाच्या १३बी रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या तिकोनी रोटरच्या) इंजिनाची बिडाची साइड प्लेट आमच्यासमोर ठेवली आणि ती ॲल्युमिनियममध्ये करून मागितली. ते घरी विमान बांधत होते. पुढे सारा कारखाना त्यांना काका म्हणू लागला.

१३०८ सी.सी.च्या या दोन रोटरच्या इंजिनात रोटरभोवतीची हाउसिंग, म्हणजे कवचे, मुळातच ॲल्युमिनियमची असतात. खरे वजन दोन टोकांच्या आणि मधल्या अशा तीन बिडाच्या प्लेटांत असते. बिडाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे कागदावर हिशेब सोपा दिसतो. परंतु रोटरच्या कडेच्या सीलपट्ट्या, म्हणजे साइड सील, जिथे घासतात तिथे उघडे ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून कठीण कार्बाइडचा लेप फवारून ग्राइंडिंग आणि लॅपिंग, म्हणजे सपाट थाळीवर बारीक घासणे, करावे लागते. लॅपिंगची थाळी वडिलांच्या वेळची आहे. तिची सपाटी मी आजही स्वतःच तपासतो.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. मग एका पावसाळ्यात दमट इन्गॉट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या लाद्या, तसेच भट्टीत गेले, वितळलेल्या रसाने ओलाव्यातील हायड्रोजन ओढला आणि थंड होताना प्लेटांत सुईच्या टोकाएवढी भोके राहिली, जी मशिनिंगमध्ये दिसली नाहीत. लेपाला फोड आले तेव्हाच ती कळली. सगळा लॉट परत आला आणि कर्जाच्या हप्त्यांसाठी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मशिनिंग यंत्र) विकावे लागले. त्याच सुमारास शिरोलीच्या एका स्पर्धकाने, ज्याला पॅटर्नचे, म्हणजे साच्यासाठीच्या नमुन्यांचे, काम आम्हीच शिकवले होते, आमच्या प्लेटा फुटतात असे सांगत ग्राहक फिरवले. फुटली एकही नव्हती. त्याच्या स्वतःच्या प्लेटांवर तर लेपच नव्हता.

काकांनी मात्र पुढच्या सेटचे पैसे आगाऊ दिले आणि आठ दिवस भट्टीपाशी बसून इन्गॉट तापवून घेणे, रसातून नायट्रोजन सोडणे आणि प्रत्येक हीटचा (भट्टीच्या एका घाण्याचा) नमुना कापून पाहणे आमच्या अंगवळणी पाडले.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो: वजनासाठी रोटर लेथवर खरवडू नका, कारण शाफ्टवरची प्रतिवजने त्याच रोटरच्या वजनाशी जुळवलेली असतात. शिवाय पुढचे इंजिन हलके झाले की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. काकांनी त्यासाठी बॅटरी शेपटाकडून काढून फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीपाशी, आणली. शिरोलीच्या गृहस्थांनी हे आपल्या ग्राहकांना कधी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.