झुम्बाखची स्पिटफायर, १/७२ : अपडेट तिसरा

मंडळी, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं माझं मॉडेल (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) एकदाचं रंगून डेकलपर्यंत, म्हणजे पाण्याने चिकटवायच्या चित्रांपर्यंत पोचलं. पंखाच्या मुळाशी असलेल्या फटीने दोनदा पुट्टी खाल्ली, त्यावर जास्त बोलत नाही.

मागचं न वाचलेल्यांसाठी: पोलिश वैमानिक यान झुम्बाखची स्पिटफायर, प्रकार एमके पाच-बी, नंबर ईएन ९५१, अंगावरची अक्षरं आरएफ-डी. साल १९४२, तो ब्रिटिश हवाई दलातल्या पोलिश ३०३ स्क्वाड्रनचा प्रमुख होता तेव्हाचं. गडी वॉर्साचा, आजोबा स्विस. १९३९ मध्ये पाय मोडला आणि सप्टेंबरमध्ये जर्मनी पोलंडवर चालून आली त्या लढाईत उडायचं राहूनच गेलं. मग रुमेनियामार्गे फ्रान्स, तिथे फ्रेंच विमानं, फ्रान्स पडल्यावर इंग्लंड. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये (१९४० ची इंग्लंडवरची हवाई लढाई) हरिकेन या लढाऊ विमानातून पाडलेली ८ विमानं त्याच्या नावावर.

वरून ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. १९४१ च्या ऑगस्टपासून तपकिरी गेला तो याच्यासाठी, लढाया चॅनलवर आणि पलीकडे होऊ लागल्या होत्या. माझा ओशन ग्रे पहिल्या हाताला फारच निळा आला. काळ्याचे दोन थेंब घातले, आता बरा दिसतो.

खरी फजिती पोलिश चौकोनात झाली. या विमानावर रंग ब्रिटिश, गोल खुणा ब्रिटिश, नंबर ब्रिटिश. पोलंडचा म्हणून नाकावर चार घरांचा लाल-पांढरा चौकोन, माझ्या मॉडेलवर नखाच्या टोकाएवढा. वरचं डावं घर लाल हवं, आणि दोन्ही बाजूंना तसंच. मी उजवीकडे आरशातल्यासारखा लावून बसलो. रात्री भिंगातून बघितलं तर डावीकडे वर पांढरं! अर्धा फिरवून उपयोग नाही, घरं पुन्हा तिथल्या तिथेच येतात. पाव फिरवला की मात्र बरोबर बसतो. थेंबभर पाणी सोडलं, दहा मिनिटं हात बांधून बसलो, मग ओल्या ब्रशने हळूच वळवला. एक कोपरा फाटलाच. तिथे टूथपिकने लाल टेकवलाय, तुम्हाला सांगितलं नसतं तर दिसलाही नसता.

विमानाच्या डाव्या बाजूवरच्या डोनाल्ड डकचं डेकल अजून शीटवरच आहे. चोच पिवळी छापलीय, पण खाली पांढरा थर पातळ वाटतो, हिरव्यावर मळकट दिसेल अशी शंका येते. तिथे आधी पांढरा ठिपका मारून घेऊ का? कुणी करून बघितलं असेल तर शनिवारच्या आत सांगा.