ड्रायव्हर मागितला की सेटअप देतात

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रॅकभर नवे सर्व्हर आले. सगळे एकाच मॉडेलचे. त्यामुळे प्रत्येकापुढे बसून नेक्स्ट-नेक्स्ट करण्यात अर्थ नव्हता. विंडोज सर्व्हर २०२२ चा पेनड्राइव्ह बनवला आणि ऑटोअनअटेंड फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं, त्याच्या रूटला (कुठल्याही फोल्डरबाहेर) ठेवली. भाषा, पार्टिशन, ॲडमिनचा पासवर्ड, सगळं तिच्यात. ही फाइल कशी लिहायची ते कुठेही सापडेल, म्हणून इथे उगाळत नाही.

पहिलाच सर्व्हर अडला. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क ज्याला जोडतात ते कार्ड, नवं होतं आणि मायक्रोसॉफ्टच्या आयएसओमध्ये, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या मूळ फाइलीत, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड ओळखता यावं यासाठीचं सॉफ्टवेअर) नव्हता. इन्स्टॉलेशन ज्यावर चालतं ते विनपीई म्हणजे मेमरीत चढणारं एक छोटं विंडोजच. त्याला कार्ड ओळखता आलं नाही, तर पुढचं सगळं खुंटलं.

सर्व्हर कंपनीच्या साइटवर त्या कार्डापुढे एकच फाइल: एक्झी, म्हणजे ड्रायव्हर बसवणारा सेटअप. ती चालवायला विंडोज हवं. विंडोज बसवायला डिस्क हवी. डिस्क दिसायला ती फाइल हवी. मी मदतकक्षाला सरळ लिहिलं की सेटअप नको, ड्रायव्हरच्या आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा सुट्या फाइली द्या. उत्तर आलं: कृपया विंडोज इन्स्टॉल करून सेटअप चालवावा.

पुन्हा लिहिलं, स्क्रीनचा फोटो जोडला. शिफ्ट बदललेली, माणूस नवा. त्याला सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो हवा होता. तो दिला, तर लॉग गोळा करणारं टूल पाठवलं, जे विंडोजमध्येच चालतं! त्यानंतरच्या बाईंनी फार नम्रपणे विचारलं, की रिमोट सेशनसाठी सर्व्हरच्या डेस्कटॉपवर कधी येऊ? कुठला डेस्कटॉप, बाई? फोनवर तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, मध्ये बासरी ऐकायची. इकडे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली. चवथीत गोव्यात कुणाला कामाला बोलावायची सोय नाही. मॅनेजर सर्व्हर रूमच्या दारातून डोकावून विचारायचे, “जालें मरे?” (झालं का रे?) मी फोंड्याहून येणारा, बोरी पुलावरच्या रांगेत अर्धा जीव तिथेच गेलेला, आणि उत्तर रोज एकच. शेवटी ईमेल आला की ग्राहकाकडून प्रतिसाद न मिळाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. त्याच्या आधीचा शेवटचा ईमेल माझाच होता.

त्या रागात एक्झीवर राइट क्लिक करून ती सेव्हन-झिप या झिप फाइली उघडणाऱ्या प्रोग्रामने उघडली. आत विंडोजच्या आवृत्तीनुसार फोल्डर आणि त्यांत मला हव्या त्याच सुट्या फाइली! हे एक वाक्य मदतकक्षातल्या कुणालाही सांगता आलं असतं. सगळ्याच एक्झी अशा उघडत नाहीत. काहींना फाइली बाहेर काढण्याचा वेगळा स्विच (कमांडपुढे लिहायचा पर्याय) असतो. रिलीज नोट्स वाचा.

आयएनएफ बरीच होती. कोणती आपली? लायनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हने सर्व्हर सुरू करून एलएसपीसीआय ही कार्डांची यादी देणारी कमांड चालवली (डॅश एनएन लावून), कार्डाचे व्हेंडर आणि डिव्हाइस नंबर घेतले आणि नोटपॅडमध्ये ज्या आयएनएफमध्ये तेच व्हेन आणि डेव्ह सापडले ती उचलली.

ड्रायव्हर आता पेनड्राइव्हवरच्या इमेजमध्ये, म्हणजे विंडोज ज्यांत भरलेलं असतं त्या विम फाइलींत, घालायचा. त्याआधी तो तपासून घ्या. इन्स्टॉलर अडला की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी येते. ड्रव्हलोड (drvload) लिहून पुढे आयएनएफचा पत्ता द्या, मग डिस्कपार्ट या कमांडमध्ये लिस्ट डिस्क. माझी डिस्क तिथे दिसली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

पुढचं काम डिझमचं (DISM, इमेजमध्ये बदल करणारं विंडोजचं टूल): इमेज माउंट करायची, म्हणजे फोल्डरसारखी उघडायची, ॲड-ड्रायव्हर द्यायचा, कमिट करून अनमाउंट करायची. कमिट राहिलं तर केलेलं सगळं वाया. बूट डॉट विम, म्हणजे विनपीईची इमेज, हिच्यात दोन इंडेक्स (क्रमांक दिलेल्या वेगळ्या इमेज) असतात. इन्स्टॉलर दुसऱ्यावर चालतो, पण मी दोन्हींत घातला. डिस्कवर बसणारं विंडोज ज्यात असतं त्या इन्स्टॉल डॉट विममध्ये आपण जी एडिशन बसवणार तिच्या इंडेक्समध्येही घालावा. नेटवर्क कार्ड नवं असेल तर त्याचाही तिथेच, नाहीतर विंडोज बसतं आणि नेटवर्क नसतं. फाइली आयएसओतून कॉपी केल्या असतील तर आधी रीड-ओन्ली काढा. डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर डिझमकडून जबरदस्तीने इमेजमध्ये घालता येतो, पण सिक्युअर बूट (सुरू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर तो लोड होत नाही.

इमेजला हात लावायचा नसेल तर पेनड्राइव्हच्या रूटला विनपीईड्रायव्हर नावाचं फोल्डर करा, रोमन अक्षरांत, पुढे-मागे डॉलरचं चिन्ह लावून. सेटअप ते आपणहून तपासतो. ऑटोअनअटेंडमध्ये ड्रायव्हरचा पत्ता देण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण विनपीईत पेनड्राइव्हला कोणतं अक्षर मिळेल याची खात्री नसते.

आणि हो, पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि ड्रायव्हर घातल्यावर इन्स्टॉल डॉट विम आणखी फुगते. डिझमच्याच स्प्लिट-इमेजने तिचे ३८०० एमबीचे तुकडे करा. एसडब्ल्यूएम नावाचे ते तुकडे सोर्सेस फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ विम तिथून काढून टाका.