कॉफीत धुतलेला रोल

आज परत कॅमेऱ्यातल्या कृष्णधवल फिल्मचा रोल कॉफीत धुतला, म्हणजे डेव्हलप केला, आणि निगेटिव्ह इतकी सुंदर आलीये ना, की लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. आजीचे पांढरे केस निगेटिव्हमध्ये काळेभोर, आणि तरी त्यातली बट न् बट वेगळी दिसतेय. पूर्ण फिल्मवर हलकी तपकिरी झाक आहे पण ती कॉफीची, ती येणारच.

१९९५ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा कॅफेनॉल प्रकार, म्हणजे कॉफीने फिल्म धुणं, करून बघितला, व्हिटॅमिन सी त्यात नंतर लोकांनी घातलं. लोकांना वाटतं कॅफिनमुळे होतं, तसं नाहीये, कॅफिनचा काही संबंध नाही, काम करतं ते कॅफेइक ॲसिड, आणि त्याला चालना द्यायला धुण्याचा सोडा लागतो, खाण्याचा चालत नाही. एक लिटर पाण्याला सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० डिग्रीला १५ मिनिटं. सोडा कोरडी पावडरच घ्यायचा, खडेवाल्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, मग सगळं मापच बिघडतं. व्हिटॅमिन सी पण नुसती पावडर, चघळायच्या गोळ्यांत साखर नि रंग असतो.

कॉफी मात्र स्वस्तातलीच बरी, कारण त्यात रोबस्टा जातीची कॉफी जास्त असते आणि आपल्याला हवी ती ॲसिडं रोबस्टातच जास्त. फक्त पाकिटावर चिकोरी किती टक्के ते वाचायचं, आपल्याकडे बऱ्याच पाकिटांत असते आणि जितकी चिकोरी तितकी खरी कॉफी कमी, हे परदेशी रेसिपीत सहसा लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे नळाचं पाणी २० डिग्री कुठलं, म्हणून बर्फाच्या पाण्याची बादली घेऊन त्यात फिल्म धुवायची टाकी ठेवायची. वास भयंकर येतो, घरचे दार लावून घेतात, पण मला आता तो आवडायला लागलाय खरंच. हायपो, म्हणजे शेवटी चित्र पक्कं करणारं रसायन, मात्र विकतच आणावा लागतो.

आता पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचा डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं द्रावण, करून बघायचाय, रोडिनल नावाच्या १८९१ पासूनच्या डेव्हलपरच्या जातीतला. त्यात कॉस्टिक सोडा असतो, त्यामुळे चांगले हातमोजे आणि गॉगल आणल्याशिवाय सुरू करणार नाहीये.