बॉनीची वही, भाग ४: जुनेच कार्बुरेटर ठेवायचे, की नवी जोडी?

मागच्या भागात टाकी रंगून आली होती आणि वायरिंग संपलं होतं. मला वाटलं, आता फक्त पेट्रोल घालायचं, किक मारायची आणि सुटायचं. तीन महिने झाले. सगळे शनिवार दोन कार्बुरेटरांनी (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भांड्यांनी) खाल्ले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९६९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० मोटरसायकल, लाडाने बॉनी, ६४९ सीसी, दोन सिलिंडर, अमाल कंपनीचे दोन कॉन्सेंट्रिक ९३० कार्बुरेटर. मी राहतो बर्मिंगहॅमला. गाडी जन्मली ती मेरिडनला, इथून अर्ध्या तासावर. ट्रायम्फचा तो कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. आता तिथे घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज. अमालही मूळचे बर्मिंगहॅमचेच. अमॅक, बिंक्स आणि ब्राउन अँड बार्लो या तिघांचं १९२७ मध्ये एकत्रीकरण झालं, त्यातून हे नाव आलं.

दुखणं

थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला घेते. दहा मैल पळून गरम झाली की सिग्नलला रेस वरच अडकते. हळूहळू खाली येते आणि मग एकदम बंद. डाव्या पाइपातून फटाके. स्टॉप स्क्रू (आयडलिंगची रेस ठरवणारा) आत घेतला की बंद पडत नाही, पण मग इंजिन पिठाच्या गिरणीसारखं पळत राहतं. मधली जागाच सापडत नव्हती.

साताऱ्यात आमच्या वडिलांच्या बुलेटला हात लावणारे मिस्त्री अजून गॅरेजवर बसतात. त्यांना फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. म्हणाले, "एअर घेतीय ती. पण आधी करंट बघ बाळा, ठिणगी बघ, मग कार्बुरेटरला हात घाल."
"प्लग नवीन आहेत, मामा."
"मी प्लग म्हणलो का?"

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे त्याची वसुली झाली.

उघडून पाहिलं

कॉन्सेंट्रिकमध्ये फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) वाटी जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, भोवतीच, बरोबर खाली बसते, म्हणून ते नाव. अमालच्या आधीच्या मोनोब्लॉक मॉडेलला ती बाजूला होती. बांधणी सुटसुटीत आणि दोन स्क्रू काढले की वाटी हातात येते. खोट एकच: बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आणि स्लाइडही (थ्रॉटलबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा तुकडा) त्याच जातीची. मऊ धातूवर मऊ धातू हजारो मैल घासला की दोघंही झिजणारच.

स्लाइड खाली बसवून मागून-पुढून बोटाने हलवली. उजवी थोडी हलली. डावी चक्क खुळखुळली. इंजिनाच्या बाजूला स्लाइडच्या पायथ्याशी आरशासारखा चकचकीत पट्टा. आयडलिंगला हवा जिथून मोजून जायला हवी, तिथे न मोजलेली हवा कडेने आत शिरत होती.

मग फ्लँजवर, म्हणजे कार्बुरेटर इंजिनाला जोडणाऱ्या सपाट कडेवर, पोलादी पट्टी उभी धरली. मध्ये फट मोजायचं ०.१५ मिमीचं फीलर पातं सहज गेलं. हे आधीच्या मालकाचं कर्तृत्व. हवा शिरते म्हणून नट आवळले, आवळल्यामुळे फ्लँजचे दोन्ही कान वाकले, मधला भाग मागे राहिला, हवा जास्त शिरू लागली, म्हणून आणखी आवळले. काचेवर एमरी पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करता येतो आणि मी तसा केलाही. पण जितकं घासाल तितकी ओ-रिंगची (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याची) खाच उथळ होते, आणि ओ-रिंग फार वर आली की नट आवळताना कान पुन्हा वाकणार. एकदा घासणं ठीक. या फ्लँजवर आधीच कुणीतरी हात चालवलेला होता.

पायलटची वाट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जिथून येतं ती, हे तिसरं प्रकरण. या मॉडेलांत पायलट जेट सुटा नाही. एअर स्क्रूच्या (आयडलिंगची हवा जुळवणाऱ्या) भोकातून सरळ आत, खोलवर, ठोकून बसवलेलं बारकं बुश आहे. भोक ०.०१६ इंच, म्हणजे ७८ नंबरच्या ड्रिलचं माप. बाहेरून स्प्रे मारला की वाटतं साफ झालं, पण ते तसंच बुजलेलं असतं. माझ्याकडे तेवढं बारीक ड्रिल नव्हतं. मुलीच्या गिटारची ०.०१६ ची तार मात्र होती. (तिला नवा सेट आणून दिला. तो खर्च गाडीच्या खात्यात धरलेला नाही.) उजवीकडून हिरवट गाळ निघाला. डावीकडची तार अर्ध्यात अडली ती अडलीच.

काय काय शक्य होतं

पहिला विचार जुन्याच बॉडी बोअर करून स्लाइडला स्लीव्ह घालण्याचा. इथे ते काम करून देणारे आहेत आणि ते चांगलं होतं. पण माझ्या डाव्या बॉडीचा फ्लँज गेलेला, पायलट बुजलेला. फक्त स्लाइड सैल असती तर मी हेच केलं असतं.

दुसरा पर्याय मोहाचा: दोन काढून एकच मिकुनी व्हीएम३४ कार्बुरेटर, वाय आकाराच्या मॅनिफोल्डवर (जोडनळीवर). यावर इथल्या म्हाताऱ्या मंडळींत भांडणं होतात, पण तांत्रिकदृष्ट्या त्यात वेडेपणा काही नाही. बॉनीचे दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होतात आणि सिलिंडर आळीपाळीने, दर फेऱ्याला एक, पेटतात. म्हणजे एकाच कार्बुरेटरला सारख्या अंतराने ओढ मिळते. ट्रायम्फने स्वतः टीआर६ ट्रॉफी याच इंजिनावर एका कार्बुरेटरने विकली, आणि शहरात ती बॉनीपेक्षा गुणी वागते. दोन कार्बुरेटर सिंक्रोनाइझ करायची, म्हणजे सारखे जुळवायची, कटकट नाही, स्टार्टिंगचा वेगळा सर्किट आहे, टिकलर (थंड इंजिनासाठी जास्तीचं पेट्रोल भरायचं बटण) दाबून बोटं पेट्रोलने भिजवायला नकोत. आपल्या बुलेटवर वर्षानुवर्षं मिककार्ब कार्बुरेटर होता, तो याच घराण्यातला, त्यामुळे हात लगेच बसला असता.

अडलं ते दोन ठिकाणी. बॉनीच्या हेडचे इनटेक पोर्ट एकमेकांपासून फाकलेले आहेत. त्यांना एका नळीत आणायचं तर मॅनिफोल्डला वळण येतं आणि वरच्या आरपीएमला थोडी ताकद गमवावी लागते. दुसरी अडचण तांत्रिक नाहीच. या गाडीची ओळख म्हणजे ते दोन कार्बुरेटर. मिकुनी लावून मी उत्तम टीआर६ केली असती, आणि मग टीआर६ च का घेतली नाही, असं माझं मलाच वाटत राहिलं असतं.

केहिन आणि डेलॉर्टो या दुसऱ्या कंपन्यांच्या कार्बुरेटरांवर मी वेळ घालवला नाही. चांगली वस्तू आहे, पण अॅक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताच जास्तीचं पेट्रोल टाकणारा) हवाच अशी माझी चाल नाही. अमालचा मार्क टू तर टी१४०ई बरोबर १९७८ मध्ये आला. तो रबरावर बसतो आणि माझ्या स्टबवर (हेडमधून कार्बुरेटरकडे येणाऱ्या आखूड नळीवर) जाण्यासाठी अॅडॉप्टर लागले असते.

९३२ घ्या, मोठा घ्या, असं सांगणारेही भेटले. ३० ऐवजी ३२ मिमी. माझं मत: स्टॉक कॅम आणि स्टॉक हेडवर ते करू नका. मोठ्या नळीत हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि तुम्ही महिनाभर जेट बदलत बसता.

राहिलं ते ९३०. त्यातही साधे की प्रीमियर? अमालचे सुटे भाग आणि नवे कार्बुरेटर आता सॉल्झबरीचे बर्लन बनवतात. प्रीमियरमध्ये स्लाइड हार्ड अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची, पायलट जेट सुटा निघणारा, आणि फ्लोट इथेनॉल सोसणारा, शिवाय पातळी जुळवता येणारा. जुन्या वाटीत फ्लोटची पातळी बदलायची तर वाटी गरम पाण्यात टाकून ठोकलेली सीट सरकवावी लागते. इथेनॉलचा मुद्दाही खरा आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालं, म्हणून मी महागातलं ई५ भरतो. भारतात तर २० टक्क्यांचं आलं आहे, त्यामुळे तिकडे जुनी ब्रिटिश गाडी ठेवणाऱ्यांनी फ्लोट आणि नळ्यांकडे माझ्याआधी बघावं. जोडी घेतली प्रीमियरची, एक उजवा, एक डावा.

बसवणं

आधी हेडमध्ये फिरवून बसवलेले स्टब पाहिले. डाव्याचा लॉकनट हाताने फिरला. म्हणजे हवा तिथूनही येत होती आणि मी सगळं पाप कार्बुरेटरच्या माथी मारत होतो. स्टब घट्ट केले, फ्लँज समांतर असल्याची पट्टीने खात्री केली, मध्ये उष्णता अडवणारा टफ्नॉलचा तुकडा, नव्या ओ-रिंग. नट लहान पान्याने, दोन बोटांच्या जोरावर. इथे ताकद लावली की तीच गोष्ट पुन्हा सुरू.

मेन जेट १९०, नीडल जेट १०६, स्लाइड ३. नव्या लोकांसाठी: अमालच्या मेन जेटचा आकडा म्हणजे मिनिटाला वाहणारे सीसी, १०६ म्हणजे ०.१०६ इंच, आणि स्लाइडचा ३ म्हणजे कापाची उंची ३/१६ इंच. त्यामुळे मिकुनीचा किंवा केहिनचा आकडा बघून अमालचा जेट निवडू नका. मापंच वेगळी आहेत.

दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिलचे दांडे ठेवून स्टॉप स्क्रू जुळवले. एअर स्क्रू दीड फेरा बाहेर. दुसऱ्या किकला घेतली. मग एकेका बाजूची प्लगवायर अर्थिंगला जोडून दुसरी बाजू ऐकली. उजवी १ १/४ वर खूश, डावी १ १/२ वर. आवाज असा स्वच्छ की शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

आणि तरीही

बारा मैलांनी, सिग्नलला, रेस पुन्हा वर अडकली. फटाके नाहीत, मिस नाही, पण खाली यायला चार सेकंद.

मी फुटपाथवर बसलो आणि मिस्त्रींचं "मी प्लग म्हणलो का?" आठवलं. घरी येऊन ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं झाकण काढलं. मागे ऑटो अॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं आहेत, त्यांना परत आत ओढणाऱ्या दोन स्प्रिंगा पन्नास वर्षांत ताणून ढिल्या झालेल्या. थ्रॉटल सोडला तरी टायमिंग पुढेच राहत होतं, म्हणून आरपीएम उतरत नव्हता. दोन स्प्रिंगा बदलल्या, पिव्हटला तेलाचा थेंब दिला, स्ट्रोबने टायमिंग पाहिलं. सगळं मिळून पाऊण तास. रेस आता थ्रॉटलबरोबर खाली येते.

जुन्या जोडीने चाललं असतं का? नाही, डावा मेलेलाच होता. पण क्रम उलटा केला असता तर निदान पाच शनिवार वाचले असते. फोन करून मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि बुलेटच्या क्लचबद्दल बोलायला लागले.

सध्याची स्थिती: मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन, क्लच दाबून इंजिन बंद करून प्लग पाहिले. उजवा बिस्किटाच्या रंगाचा, डावा किंचित काळा. पाव थ्रॉटलवर डावीकडे जराशी रिच (पेट्रोल जास्त) वाटते, तर येत्या शनिवारी त्या नीडलची (स्लाइडला लटकणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर घेऊन, म्हणजे नीडल खाली आणून पाहीन. डाव्या टिकलरजवळ पेट्रोलचा ओलावाही दिसतो. तो फ्लोटच्या पातळीचा आहे की मी दाबताना जास्त दाबतो याचा, ते वाटी उघडली की कळेल.