शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून

मुलीला पाचवीनंतर शाळेतून काढून घरीच शिकवायचे, हे आम्ही नवरा-बायकोने बराच काळ विचार करून ठरवले. मात्र त्यासाठी लागणारा शाळा सोडल्याचा दाखला मिळवताना जो मनस्ताप झाला, तो त्या विचाराच्या काळातही झाला नव्हता. कराडसारख्या गावात घरशाळा करणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील, आणि आमच्यानंतर कोणी या वाटेने निघालेच तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. राग अजून पुरता निवळलेला नाही, तेव्हा तो मधूनमधून डोकावला तर वाचकांनी समजून घ्यावे.

आमची कारणे शिक्षकांच्या विरोधात नव्हती. वर्गात साठ मुले, आणि त्यातच निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि रोज काही ना काही ऑनलाइन भरायचे, अशा ओझ्याखाली एखाद्या बाईंनी प्रत्येक मुलाकडे बघावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. परंतु त्याचा परिणाम मुलांवर होतो, हेही खरे. परिसर अभ्यासाच्या चाचणीत 'पावसाचे पाणी कोठे जाते?' या प्रश्नाला मुलीने लिहिले होते, 'आमच्या अंगणातले पाणी गटारातून ओढ्याला, ओढ्यातून कोयनेला आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला जाते.' त्यावर लाल शाईची फुली होती आणि बाजूला 'जमिनीत मुरते' असे फळ्यावरचे उत्तर लिहून दिलेले होते. पुढच्या चाचणीत तिने मुकाट्याने फळ्यावरचे उत्तर लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. मला भीती वाटली ती त्या फुलीपेक्षा या गुणांची. त्यातच गणितात ती वर्गाच्या पुढे आणि लेखनात मागे असल्यामुळे एका तासाला कंटाळायची आणि दुसऱ्या तासाला रडकुंडीला यायची. सकाळी व्हॅन, दुपारी शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री गृहपाठ या चक्रात तिला स्वतःहून एखादे पुस्तक उघडायला वेळच उरत नव्हता. मी घरून हिशेबाची कामे करते, माझ्या पतींचे वर्कशॉप घरालगत आहे, म्हणजे दिवसभर दोघांपैकी एक जण हाताशी असतोच. सासूबाईंनी आधी कपाळावर हात मारला आणि नंतर पाढ्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. धाकट्याला अजून शाळेत घातलेलेच नसल्यामुळे त्याच्या दाखल्याचा प्रश्न आला नाही.

निकाल लागल्यावर मी रीतसर अर्ज दिला आणि कारण म्हणून 'मुलीस घरी शिकवणार आहोत' असे सरळ लिहिले. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचून विचारले, "पुढची शाळा कोणती?" शाळा नाही म्हटल्यावर ते म्हणाले की पुढील शाळेचे मागणीपत्र आल्याशिवाय दाखला देता येत नाही, ऑनलाइन प्रणालीतही नवी शाळा विनंती पाठवते तेव्हाच नाव इकडून तिकडे जाते, आणि सहा ते चौदा वयाच्या मुलीला शाळेतून काढणे हा तर कायद्याचा भंग आहे.

कायदा मी वाचून गेले होते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम ८ मध्ये सक्तीचा अर्थ सांगितला आहे तो शासनावरील बंधन असा. कलम १० मध्ये पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा किंवा दंड कोठेही सांगितलेला नाही. घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क मध्ये पालकांचे जे कर्तव्य घातले, त्यात शब्द आहेत ते शिक्षणाच्या संधी देण्याचे. हे सगळे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. कलम ५ मध्ये दाखला तत्काळ देण्याची आणि विलंब करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद आहे, तीही दाखवली. ते म्हणाले, "ते कलम दुसऱ्या शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही कोठे चालला आहात?" या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे मला मान्य करावे लागेल.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला नकार म्हणता येत नाही आणि होकारही म्हणता येत नाही. कधी साहेब पंचायत समितीत मीटिंगला गेलेले असत, कधी दाखल्याचे पुस्तक संपलेले असे, कधी सर्व्हर बंद असे, तर कधी 'गटशिक्षणाधिकाऱ्यांचे मार्गदर्शन मागवले आहे' असे सांगितले जाई. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी केली तर तेथे असे काही पत्र आलेलेच नव्हते. मधल्या काळात मला एक तडजोडही सुचवण्यात आली : नाव शाळेतच राहू द्या, मुलीला घरी शिकवा, फक्त परीक्षेला पाठवा, हजेरीचे आम्ही बघून घेऊ. अनेक पालक हे स्वीकारतात आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण माझी मुलगी घरी भाकरी खाणार आणि शाळेच्या नोंदवहीत तिच्या नावाने पोषण आहाराची खिचडी शिजणार, हे मला पटण्यासारखे नव्हते. शिवाय ज्या मुलीला फळ्यावरच्या उत्तरापेक्षा खरे उत्तर लिही असे सांगायचे, तिच्याच नावावर रोज खोटी हजेरी लावू द्यायची, हे कसे जमावे?

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ऑफिसातले भाऊसाहेब मला व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाले, "ताई, तीस सप्टेंबरपर्यंत थांबा, मग लगेच मिळेल." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे आहे, आणि पट काठावर असेल तर एका मुलाच्या जाण्यानेही एक पद धोक्यात येऊन एखादे गुरुजी अतिरिक्त ठरू शकतात. इंग्रजी माध्यमाच्या रेट्यात मराठी शाळा पटासाठी कशा झगडतात, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहते, म्हणून त्या चिंतेबद्दल मला सहानुभूती आहे. संताप आहे तो याचा की हे मला पहिल्याच दिवशी सांगण्याऐवजी कलमे, सर्व्हर आणि मार्गदर्शन यांच्या आड लपवण्यात आले आणि मुलीचे नाव ज्या वर्गात ती बसतच नव्हती त्या वर्गात पुकारले जात राहिले.

मी थांबले नाही, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून दिला आणि 'माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही' एवढेच विचारले. तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. ते येण्यापूर्वीच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दाखला तयार असल्याचा फोन आला. अर्ज तोच होता, पुढची शाळा अजूनही नव्हती, आणि कायदाही बदललेला नव्हता. कारणाच्या रकान्यात भाऊसाहेबांनी सुबक अक्षरात 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले होते, आणि ऑनलाइन यादीतून तिचे नाव ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून अजून दुसऱ्या शाळेत न गेलेल्या मुलांच्या यादीत, टाकून शाळेने आपला पट मोकळा केला. एवढ्या महिन्यांच्या वादानंतर ते दोन शब्द पाहून मला हसावे की रडावे ते कळेना; पण तुम्ही अर्ज कराल तेव्हा सुरुवातीलाच हेच शब्द लिहा, घरशाळेचे तत्त्वज्ञान अर्जात मांडू नका, आणि शक्य असेल तर एप्रिल-मेमध्येच अर्ज द्या, म्हणजे पटाला नवे मूल मिळवायला शाळेलाही वेळ राहतो.

अर्जाची पोच आवक क्रमांक आणि तारखेसह घ्यावी, हे मी वरच सांगायला हवे होते. पहिल्या दिवशीची ती पोच नसती तर माहिती अधिकारात विचारायला काही उरलेच नसते. दाखला हातात घेण्यापूर्वी जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद समोर बसून ताडून पाहावी, कारण शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्त करणे फार जिकिरीचे होते आणि पुढे जातीच्या प्रमाणपत्राला हाच कागद लागतो. दाखल्यावरील स्टुडंट आयडीही वेगळा लिहून ठेवावा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये. आमच्याकडे आलेल्या बाईंना मी मुलांच्या वह्या दाखवल्या, चहा दिला, आणि त्या धाकट्याकडून तिसरीतली कविता ऐकून गेल्या.

पुढचे विचाराल तर दहावीसाठी दोन मार्ग उघडे आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते, मराठी माध्यमही आहे, पाच विषय घ्यावे लागतात आणि पाच वर्षांच्या मुदतीत ते सवडीने सोडवता येतात. दुसरा मार्ग राज्य मंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मचा, म्हणजे शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा. त्यासाठी पाचवी उत्तीर्ण असावे लागते, म्हणूनच आम्ही पाचवी पुरी होईपर्यंत थांबलो होतो. हा अर्ज भरताना संपर्क केंद्र म्हणून एखादी शाळा निवडावी लागते आणि मूळ दाखला तेथे जमा करावा लागतो, त्यामुळे त्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा. कराडच्या यादीत आमच्या जुन्या शाळेचे नाव असेल तर आम्ही उंब्रजचे केंद्र घेऊ. एसटीने जायला लागले तरी चालेल.