वासी उत्तरायण, डॉ. किंग आणि आपली कमाटीबाग

१५ जानेवारीला बडोद्यात वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, पतंग उडवायला सगळं गाव गच्चीवर, आणि त्याच तारखेला १९२९ साली तिकडे अमेरिकेत अटलांटाला, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग जन्मले. अमेरिकेत जानेवारीचा तिसरा सोमवार त्यांच्या नावाने सुट्टीचा असतो, १९८६ पासून, आणि माझी भाची न्यू जर्सीला आहे तिच्या पोरांच्या शाळेत त्या दिवसांत सगळं किंगमय असतं. आमच्याकडे त्याच दिवसांत गच्चीगच्चीवरून काय ऐकू येतं, तर "अगं खाली ये, काळी पडशील". मुलग्यांना कोणी नाही सांगत हं, मुलींनाच. आठ वर्षांची पोर दोन दिवस पतंग उडवून तिसऱ्या दिवशी बेसन-हळद थापून आरशासमोर बसते, आणि मला खरंच ते बघवत नाही. म्हणून यंदा ठरवलं की सोसायटीतल्या मुलांना घेऊन बसायचं आणि किंग सांगायचे, पण नीट सांगायचे.

नीट म्हणजे काय, तर एक पांढरं अंडं आणि एक तांबूस अंडं फोडून "बघा, आतून दोन्ही सारखीच" असं दाखवतात ना शाळांमधून, तेवढ्यावर भागवायचं नाही. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये कोण आतून कसं आहे हा प्रश्नच नव्हता, तिथे नियम होता, शहराचा कायदा होता, आणि तो मोडला की पोलीस यायचे. मुलांना नियम फार पटकन कळतात, दिवसभर ती खेळात नियमांवरूनच भांडत असतात.

तर कॉमन प्लॉटमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बस केली. पुढच्या दहा सीट गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी बसायचं नाही. तिकीट पुढे ड्रायव्हरकडे काढायचं, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचं, आणि कधीकधी तेवढ्यात बस निघूनही जायची. १ डिसेंबर १९५५ ला संध्याकाळी रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाई कामावरून घरी चालल्या होत्या, एका मोठ्या दुकानात कपडे अल्टर करायचं काम होतं त्यांचं, आणि त्या मधल्या भागात बसल्या होत्या. पुढे जागा भरल्या, एक गोरा माणूस उभा राहिला, आणि ड्रायव्हरने रोझाबाईंच्या ओळीतल्या चौघांनाही उठायला सांगितलं, कारण गोऱ्याच्या ओळीत काळं माणूस बसलेलं चालत नसे. इथे माझ्यासमोरची पोरं थबकलीच, एक जण बोटं मोजून म्हणतो, "एक जण बसणार, मग तीन खुर्च्या रिकाम्याच राहतील ना?" हो रे बाबा, राहतील. तिघं उठले, रोझाबाई नाही उठल्या, अटक झाली.

पुढचं मी मुद्दाम हळू सांगितलं, कारण आपल्याकडे कुठलाही मोठा माणूस सांगताना तो एकटाच आला आणि सगळं बदलून गेला असं सांगायची सवय आहे. जो अ‍ॅन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापक बाईंनी रात्रभर जागून हजारो पत्रकं छापली, की सोमवारी बसमध्ये चढू नका. किंग तर त्या गावात नवीनच आलेले पाद्री, वय २६, लोकांनी त्यांना पुढे केलं. एक दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी स्वयंपाक करणाऱ्या बायका मैलोनमैल पायी गेल्या, किंगच्या घरावर बॉम्ब टाकला तेव्हा घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. शेवटी सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

आता इथेच थांबलं तर पोरांना वाटणार की हे सगळं अमेरिकेतलं. पण १९५९ मध्ये किंग भारतात आले होते, त्रिवेंद्रमला एका शाळेत गेले, तिथे दलित घरातली मुलं शिकायची, आणि मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य अशी. किंगना आधी धक्का बसला, जरा रागही आला, आणि मग आपल्या लोकांची अवस्था डोळ्यासमोर आल्यावर ते मनाशी म्हणाले की हो, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनीच नंतर चर्चमधल्या भाषणात सांगितलंय.

आणि मग कमाटीबाग, बडोद्यातली मोठी सार्वजनिक बाग. आमची पोरं तिथे झू बघायला जातात. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकून बडोद्यात आले, सयाजीराव महाराजांची स्कॉलरशिप घेऊन गेले होते म्हणून इथे नोकरी करायला आले, आणि त्यांचंही वय तेव्हा २६ च. राहायला जागा मिळेना. पारशी सराईमध्ये, म्हणजे पारशांच्या धर्मशाळेत, खोटं पारशी नाव लावून राहिले, वरच्या मजल्यावर, मिणमिणत्या कंदिलात, वटवाघळं फडफडतायत. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली, संध्याकाळपर्यंत निघ म्हणाली. ओळखीच्या दोघांनी घरात घ्यायचं टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची, तोपर्यंत ते या बागेत बसून राहिले, आईवडिलांची आठवण काढत, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. चौथीतला एक मुलगा मध्येच गुजरातीत म्हणाला, "पण भाडुं तो आपता हता ने?" देत होते रे, दिवसाला दीड रुपया देत होते.

एका आईने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की ताई, इतक्या लहान पोरांना जातबित कशाला? राग नाही आला, पण पटलंही नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, शिपाई नसला तर पाणीही नाही मिळायचं, तेव्हा ते केवढे होते? रुबी ब्रिजेस ही काळी मुलगी १९६० मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला गोऱ्यांच्या शाळेत गेली तेव्हा सहा वर्षांची, सरकारी मार्शल लोकांच्या पहाऱ्यात. ज्यांच्यावर येतं त्यांना लहानपण बघून सूट मिळत नाही, मग आपल्या पोरांना नुसतं ऐकायला काय हरकत आहे? आणि जुनं झालं म्हणावं तर वाघोडिया रोडला आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं भाजी घेताना दिसली की आजही लोक मोबाईल काढतात, फ्लॅट द्यायच्या आधी आडनाव विचारतात.

१४ एप्रिलला सोसायटीत फोटोला हार घालतात, पेढे वाटतात, ते होऊ दे. त्याच्या आधीच्या रविवारी मुलांना घेऊन संकल्प भूमीला, म्हणजे कमाटीबागेत बाबासाहेब बसले होते त्या जागी, जायचं ठरलंय. भाड्याचं विचारणारा मुलगा सराईचा भाग वाचणार आहे, गुजरातीतून, कारण मराठी वाचताना तो अडखळतो. आणि त्या मला बाजूला घेणाऱ्या आईने अजून हो म्हटलेलं नाही, तिच्याशी परत बोलायचंय.