आमची वाटचाल : एक पंखा, दोन कार्डं आणि परत न आलेली ८५

आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ इतकी वर्षं कसा टिकला असं लोक विचारतात. खरं सांगू का, २०२२ ला तो बंद पडायलाच आला होता, आणि तेही एका कॅमेऱ्यापायी, जो मी स्वतःच हौसेने निवडला होता.

सुरुवात २०१० ची. मी स्टिल, पार्टनर व्हिडिओ, दोघांकडे एकेक कॅनन ५डी मार्क टू. ज्यांनी त्यावर व्हिडिओ केलाय त्यांना माहितीये, साधारण १२ मिनिटं झाली की फाइल ४ जीबीला टेकायची आणि रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं, चालू शूटमध्ये ऑटोफोकस असून नसल्यासारखा, स्क्रीनवर लूप (भिंग) लावून हाताने लेन्सची रिंग फिरवायची. पार्टनर अकराव्या मिनिटाला टाळ्यांची जागा बरोबर हेरायचा आणि तिथेच बंद-चालू करायचा, बघणाऱ्याला सांधा दिसायचा नाही. हात होता त्याच्यात, ते नाकारत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

२०१९ ला तो वेगळा झाला. सामान वाटून घेतलं, हिशोब झाला, आणि माझी ८५ एमएम एफ/१.८ लेन्स तो “एवढं एक शूट करून आणून देतो” म्हणून घेऊन गेला. पुढच्या महिन्यापासून आमच्याच कस्टमरना फोन सुरू, की तो फोटोवाला आहे, व्हिडिओ त्याला झेपणार नाही. अर्धे गेले. मलाही इरेला पेटल्यासारखं झालं, आता दोन्ही मीच करून दाखवतो, आणि मी स्पेक शीट वाचून फुल-फ्रेम मिररलेस घेतला, म्हणजे मोठा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) आणि आत आरसा नाही असा कॅमेरा. मोठे आकडे, 4के ६० (बारीक तपशिलाचा व्हिडिओ, सेकंदाला ६० फ्रेम), भन्नाट ऑटोफोकस, खिशात मावेल अशी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. कंपनीचं नाव घेत नाही, फोटो त्यातून सुंदरच यायचे. फक्त सलग किती वेळ चालतो हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण माझी सवय स्टिलची, माझा हात बटण दाबून मोकळा होणारा.

आणि मग नृत्यशाळेचा वार्षिक कार्यक्रम. बाई आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या कस्टमर, पार्टनर गेला तेव्हा त्यांनाही फोन गेलाच होता पण त्या हलल्या नाहीत. दोन तासांचा कार्यक्रम, सलग रेकॉर्डिंग, शिवाय माहितीपत्रकासाठी फोटो. नवा कॅमेरा ट्रायपॉडवर 4के ६० ला लावला, हातात दुसरी बॉडी, स्टेजवर आवाज नको म्हणून सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. चाळीसेक मिनिटांनी सहज मागे वळून बघतो तर स्क्रीन काळी, तापमानाची खूण येऊन कॅमेरा कधीच झोपलेला. थंड होईपर्यंत लहान मुलींचा अख्खा नाच संपला. निदान फोटो तरी आहेत म्हणत घरी येऊन उघडले तर एलईडी लाइटमुळे निम्म्या फ्रेमवर आडवे पट्टे. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका ओळीमागून एक वाचतं, त्यात लाइट लुकलुकला की काही ओळी उजळ काही काळ्या, आणि हे एडिटमध्ये धड निघत नाही, मी दोन रात्री घासून पाहिलंय.

ही बातमी जुन्या पार्टनरने किती ठिकाणी पोचवली ते मला नंतर कळलं. त्या सीझनला तीन बुकिंग रद्द, ॲडव्हान्स परत, कॅमेऱ्याचे हप्ते मात्र चालू. बाईंकडे गेलो, पैसे परत करायला. त्या म्हणाल्या, “अहो, पैसे ठेवा, पण पुढच्या वर्षी तोच कॅमेरा आणणार असाल तर आत्ताच सांगा.”

तोच आणणार नव्हतो. तो विकला, आणि यावेळी प्रत्येक बॉडी आधी भाड्याने आणली. खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कार्ड भरेपर्यंत रेकॉर्डिंग, आणि मी समोर स्टूल टाकून बसलेला. बायको म्हणायची याच्यापेक्षा झाड लावलं असतं तर वाढताना दिसलं असतं. सोनी ए७ फोर ३३ मेगापिक्सेलचा, पण 4के ६० ला सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, वाइड लेन्स वाइड राहत नाही. कॅनन आर६ मार्क टू 4के ६० पूर्ण रुंदीत देतो, हात त्याच्यावरच गेला होता. शेवटी घेतला पॅनासॉनिक एस५ टू, २०२३ च्या जानेवारीत आलेला. ६० ला त्यातही क्रॉप, म्हणजे मधलाच भाग, आहेच, पण नाचाचं माझं रेकॉर्डिंग सेकंदाला २५ फ्रेमवर होतं, तिथे पूर्ण रुंदी मिळते. आणि आत पंखा आहे. कॅमेऱ्यात पंखा, ऐकायला हसू येतं. रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही, एसडीचे दोन स्लॉट, आणि बाहेरच्या स्क्रीनला जोडायचं एचडीएमआय मोठ्या साइजचं, ते मायक्रोवालं नाही जे केबलला पाय लागला की गेलंच.

आता नवीन मुलं विचारत नाहीत तरी सांगतो. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, २४ म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० इंच रुंद प्रिंट निघतं, माहितीपत्रकाला अजून काय पाहिजे. दोन स्लॉट असतील तर ते बॅकअपवर ठेवा, म्हणजे दोन्ही कार्डांवर एकदमच तेच लिहिलं जातं, एक भरलं की दुसरं असं रिले नको, कामाच्या दिवशी तर नाहीच. १५० एमबीपीएसला (सेकंदाला १५० मेगाबिट) तासाला ६७-६८ जीबी जातात, म्हणजे दोन तासांना १२८ चं कार्ड पुरत नाही, पण महागडं व्ही९०ही (सेकंदाला निदान ९० एमबी लिहिणारं) लागत नाही, सेकंदाला १९ एमबीच्या आतच लिहायचं असतं, चांगलं व्ही३० आरामात झेपवतं. फोटोवरून व्हिडिओवर येताना शटर ५०० वरून (सेकंदाचा ५०० वा भाग) ५० वर आणायला विसरलात तर नाच अडखळत जाणारा दिसेल. आणि ५० वर आणून उघड्या उन्हात शूट करायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळसर काच, लागणारच, तो बॉडीच्या बजेटमध्येच धरा, नंतर कोणी देत नाही. फोटोंना शटर मेकॅनिकलच ठेवा, आवाज आला तर आला. लोक टाळ्यांत ऐकत नाहीत.

आणि बॉडीच्या आधी लेन्स मोजा. आमचे जुने कॅननचे लेन्स अडॅप्टरवर चालतात, कारण आरशासाठी लागणारी जागा मिररलेसमध्ये उरत नाही, जुन्या माउंटचं (लेन्स बसते त्या कडीचं) सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ एमएम, आमच्या आताच्या माउंटचं २०, मधल्या २४ मध्ये अडॅप्टर बसतो. फोकस मात्र नव्या लेन्सइतका चपळ होत नाही, व्हिडिओत तर मी तो हातानेच करतो. पार्टनर करायचा तसा.

बाईंचा त्यानंतरचा कार्यक्रम पूर्ण रेकॉर्ड झाला, दोन्ही कार्डांवर. मध्यंतरात त्या मुद्दाम मागे आल्या आणि कॅमेऱ्याला हात लावून बघितला, तापलाय का.

यंदा दुसरी बॉडी घ्यायचीये, त्याच माउंटची. ८५ मात्र नवी घेणार नाही. माझी जुनी आहे, अडॅप्टरवर झकास बसेल, कुठे आहे तेही माहितीये, जुन्या पार्टनरच्या परवाच्या रीलमध्ये तिच्या हूडवरचा माझा ओरखडा स्पष्ट दिसत होता.